कपाटाचा चौथा पाय

अनपेक्षित खर्चाचा खरा दोष रकमेत नसतो, वागणुकीत असतो. हा खर्च विचारून येत नाही. हल्ली पाहुणेसुद्धा आधी फोन करतात. नळ मात्र काही न कळवता सरळ गळायला लागतो आणि वर घरातल्यांनीच धावपळ करावी अशी त्याची अपेक्षा असते. या बाबतीत खर्चाला शिस्त लावण्याचा प्रयत्न आजवर कोणी केला नव्हता. तो नानांनी केला.

नाना बत्तीस वर्षं यंत्रांच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. जुना स्क्रू जमा केल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला नवा स्क्रू दिला नाही. स्क्रू हरवला असेल, तर हरवलेला स्क्रू जमा करावा लागे. नाना निवृत्त झाले त्या दिवशी मोजदाद केली, तर स्टोअरमधला माल ते रुजू झाले त्या दिवसाच्या पावणेदोन पट भरला. निरोपाच्या भाषणात मालकांनी या गोष्टीचा उल्लेख करून डोळे पुसले. (कारखाना पुढच्याच वर्षी बंद पडला. दोन्ही गोष्टींचा संबंध असल्याचं कोणी सिद्ध केलेलं नाही.)

घरी बसल्यावर आठवडाभरात नानांच्या लक्षात आलं, की घर चालतंय खरं, पण कुठल्या नियमाने चालतंय हे कोणालाच सांगता येत नाही. माईला, म्हणजे बायकोला, विचारलं तर ती म्हणाली, "मी चालवतेय म्हणून चालतंय." आता हे काय उत्तर झालं? घरात तिसरं माणूस म्हणजे धाकटी मुलगी, आणि ती कायम कॉलेजला जायच्या घाईत. शेवटी नानांनी स्वतः बसून नियमावली तयार केली आणि फ्रिजच्या दारावर चिकटवली. (तेव्हा फ्रिजचं दार लागत होतं.) मुख्य नियम असे:

एक. अनपेक्षित खर्चाचा अर्ज, खर्च उद्भवण्याच्या किमान पंधरा दिवस आधी लेखी करावा.

दोन. जो खर्च पंधरा दिवस आधी माहीत आहे तो अनपेक्षित नाही. सबब, तो अनपेक्षित खर्चाच्या निधीतून मिळणार नाही.

तीन. असा खर्च महिन्याच्या अंदाजपत्रकात दाखवायला हवा होता. दाखवला नसेल, तर पुढच्या महिन्यात बघू.

चार. पुढच्या महिन्यापर्यंत ज्याच्यावाचून भागलं तो खर्च नव्हेच. ती चालू परिस्थिती होय. तिच्यासाठी तात्पुरती व्यवस्था करावी.

दोन वर्षांत एकंदर एक्केचाळीस अर्ज आले. मंजूर शून्य. त्यातले सदतीस माईचे, तीन धाकटीचे आणि एक खुद्द नानांचा, चपलेच्या तुटलेल्या पट्ट्यासाठी. तो नानांनी नियमावर बोट ठेवून फेटाळला आणि मग दोन दिवस ते घुश्शात होते, कोणाशी धड बोलले नाहीत. इतका निःपक्षपातीपणा मोठमोठ्या संस्थांतसुद्धा बघायला मिळत नाही.

निधी मात्र होता, आणि चांगला भरभक्कम होता. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा नानांनी त्यासाठी राखून ठेवला होता. त्यात ते दर महिन्याच्या एक तारखेला नेमाने पैसे टाकत. पुढे स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या लाकडी कपाटाचा एक पाय मोडला. (अर्ज क्रमांक सहा.) कपाटात नानांनी कारखान्यातून आठवण म्हणून आणलेली स्टॉकची एकोणतीस रजिस्टरं होती, त्यामुळे ते असं तसं टेकवून भागण्यासारखं नव्हतं. नानांनी टेपने उंची मोजली. साडेपाच इंच. डबा मोजला. साडेपाच इंच! नानांना त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही. निधीचा कुटुंबाला इतका थेट उपयोग झाल्याचं दुसरं उदाहरण त्यांच्या ऐकिवात नव्हतं. पैसे टाकायची फट पुढच्या बाजूला येईल असा डबा त्यांनी कपाटाखाली सरकवला, आणि तेव्हापासून ते दर एक तारखेला पोटावर झोपून बचत करू लागले.

बाकीच्या तात्पुरत्या व्यवस्थाही अशाच मार्गी लागल्या. स्वयंपाकघरातला नळ गळायचा, त्याखाली बादली आली. बादली तीन तासांत भरायची. ते पाणी नानांनी वहीत जमेच्या बाजूला धरलं, त्यामुळे नळ दुरुस्त करणं म्हणजे हाताने उत्पन्न बंद पाडणं ठरलं. पंखा स्वतःहून सुरू होत नसे. त्याला झाडूच्या दांड्याने एक ढकल दिली, की बिचारा रात्रभर फिरायचा. खिडकीला रद्दीचे गठ्ठे लावले. बाहेरच्या दाराची कडी नुसती ओढून बसत नसे. दार वर उचलून खालच्या बाजूला टाचेचा एक ठोका द्यावा लागे, आणि तो नेमका कुठे द्यायचा ते फक्त माईला जमायचं.

फ्रिजचं प्रकरण जरा नाजूक होतं. दाराचं रबर गेलं होतं आणि दार आपोआप उघडायचं. नानांनी दाराला खुर्ची लावून पाहिली. रिकामी खुर्ची सरकायची. प्रयोगाअंती असं सिद्ध झालं, की खुर्चीवर किमान बावन्न किलो वजन असेल तर दार हलत नाही. धाकटी सत्तेचाळीस भरली. नाना एकाहत्तर होते, पण त्यांना देखरेख करायची असते. माई अठ्ठावन्न. झालं! माई त्या खुर्चीवर बसून भाजी निवडू लागली, कपडे दुमडू लागली, फोनवर बोलू लागली. तीन तासांनी उठून बादली ओतायची आणि परत येऊन बसायची. "बघ, इतकी वर्षं दिवसभर उभी असायचीस," नाना तिला म्हणाले. "आता बसायला मिळतं की नाही?"

माई नियमावलीकडे बघत बसली. तिची पाठ नेमकी त्या कागदाला टेकायची, म्हणून वाचायचं तर मान वळवावी लागे. पण दोन वर्षांत तिने ती पाठ केली होती.

आणि मग मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे माईची धाकटी बहीण. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, घरी बघायला कोणी नव्हतं. "मी काय, बरी आहे," असं म्हणता म्हणता तिला रडू फुटलं. माईच्याही डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत ती बहिणीकडे एकदाही गेली नव्हती. आत्ताच्या आत्ता उठून जावंसं वाटत होतं, पण फ्रिजमध्ये दूध होतं.

त्याच संध्याकाळी तिने अर्ज क्रमांक बेचाळीस दिला. "बहिणीकडे चार दिवस जायचं आहे. शनिवारी अकराची गाडी." नानांनी अर्ज दोनदा वाचला. यात खर्चाचा रकाना कोरा होता.

"अगं, पण रजेची तरतूदच नाही," नाना म्हणाले.

"मग करा," माई म्हणाली.

नाना दुष्ट नव्हते, हे नमूद करायला हवं. मेहुणीबद्दल त्यांना खरंच वाईट वाटलं. माईने जावं असंच त्यांनाही वाटत होतं. फक्त ती गेल्यावर ती घरात हवी, एवढीच अडचण होती. त्यांनी तीन संध्याकाळ चाचण्या घेतल्या. खुर्चीवर धाकटी अधिक पाच किलो रद्दी, अशी मांडणी केली. दार टिकलं, पण रद्दी काढल्यामुळे खिडकी उघडली. खिडकी दोरीने बांधली, तर दोरी कपडे वाळत घालायची निघाली. ओले कपडे पंख्याखाली पसरले, तर पंख्याला ढकल द्यायला धाकटीला उठावं लागलं, आणि ती उठली तेव्हा फ्रिज उघडून दूध सांडलं. घरातलं प्रत्येक वजन आधीच कुठे ना कुठे नोकरीला होतं. धाकटी शेवटी वैतागून म्हणाली, "नाना, एवढं सगळं करण्यापेक्षा मिस्त्रीला बोलवा ना!"

नानांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. अशी सूचना या घरात प्रथमच झाली होती.

शनिवारी सकाळी दहाला मिस्त्री आला. त्याने नळ पाहिला, पंखा पाहिला, फ्रिजला टेकून बसलेली माई पाहिली आणि तिला नमस्कार केला. मग कपाटाखाली वाकून तो बराच वेळ तसाच राहिला.

"हे सगळं कोणी केलं?" त्याने विचारलं.

"मी," नाना म्हणाले.

"मी पंचवीस वर्षं या धंद्यात आहे," मिस्त्री म्हणाला, पण वाक्य त्याने पुरं केलं नाही. सगळं मिळून दीड तासाचं काम होतं. नळाला वॉशर, फ्रिजला रबर, कपाटाला पाय, कडीला दोन स्क्रू. खर्च म्हणाल तर डब्यात होते त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. मात्र सामान आणायला पैसे आधी हवेत, असं तो म्हणाला.

इथे नानांचा मोठेपणा दिसला. त्यांनी अर्ज क्रमांक बेचाळीस समोर घेतला आणि त्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, "मंजूर" असं लिहिलं. महिन्याचे पैसे संपले होते, बावीस तारीख होती, तेव्हा डबा काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डबा काढायचा तर कपाट कोणीतरी धरायला हवं. मिस्त्री म्हणाला, कपाट धरण्याचे वेगळे पडतील. तेव्हा नानांनी बाह्या वर केल्या, कपाटाला खांदा लावला आणि ते अर्धा इंच उचलून धरलं.

माई खुर्चीवरून उठली. तिच्या जागी धाकटी रद्दी मांडीवर घेऊन बसली. माईने खाली बसून डबा बाहेर ओढला, झाकण उघडलं आणि मिस्त्रीला पैसे मोजून दिले.

"आलोच अर्ध्या तासात," मिस्त्री म्हणाला आणि गेला. (मिस्त्र्यांचा अर्धा तास किती मिनिटांचा असतो, यावर अजून एकमत नाही.)

"आता डबा सरकव परत," नाना म्हणाले. "लवकर, खांदा भरून आलाय."

माईने डबा उचलला आणि आपल्या बॅगेत ठेवला. मग तिने बॅगेची चेन लावली.

"अगं, हे काय?"

"मला वाटेत लागतील. तिकडे औषधं, डॉक्टर, कशाला काय लागेल सांगता येत नाही," माई म्हणाली. "अनपेक्षित असतं ते."

"आणि कपाट?"

"त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी करायला हवा होता, अहो." माईने त्यांच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. जुना माल ताब्यात घेताना नाना बघायचे, तसं. "आता ती चालू परिस्थिती आहे. तात्पुरती व्यवस्था झालीय की. वजनही बरोबर आहे."

तिने धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला, चप्पल घातली आणि बाहेर जाऊन दार वर उचलून टाचेने एक ठोका दिला. कडी बसल्याचा आवाज नानांना स्पष्ट ऐकू आला. आतून ती कशी काढायची, हे त्या दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

मिस्त्री संध्याकाळी सहाला आला आणि त्याने पहिलं काम दार बाहेरून काढून टाकण्याचं केलं. मधल्या सात तासांत नानांना एका जागी उभं राहून घराची पाहणी करण्याची संधी मिळाली, जी देखरेखीच्या गडबडीत आजवर मिळाली नव्हती. बादली बारा वाजून पाच मिनिटांनी भरली. मग ती वाहू लागली. उत्पन्न जमिनीवरून हळूहळू नानांच्या पायापर्यंत आलं. क्षणभर वीज गेली तसा पंखा थांबला, आणि त्याला ढकल द्यायला कोणी मोकळं नव्हतं. धाकटी रद्दीतल्या जुन्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवत होती आणि मधूनमधून हसत होती. बत्तीस वर्षांत एका वॉशरचीही जागा न चुकलेले नाना डोळे मिटून आठवत होते, की आपल्या घरच्या वहीत माईची नोंद नक्की कुठल्या पानावर केली होती. ती सापडेना. त्यांना एकाएकी फार एकटं वाटलं.

रात्री माईचा फोन आला. "सगळं ठीक ना?"

"अगदी," नाना म्हणाले. "तू सावकाश ये." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "पण ये."

वाचकांना ही हकीकत अतिरंजित वाटेल. वाटू द्यावी. त्यांनी एवढंच करावं, आपल्या घरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाखाली कागदाची घडी आहे का ते पाहावं. घडी नसेल तर न लागणारी खिडकी असेल, गळका नळ असेल, दोनदा थोपटल्याशिवाय न चालणारं काहीतरी असेल. सापडलं, की आपल्या काटकसरीबद्दल स्वतःची पाठ जरूर थोपटून घ्यावी. मग ती घडी सरकली की पुन्हा जागेवर कोण बसवतं, ते आठवून पाहावं. आठवत नसेल तर घाबरायचं कारण नाही, घरात विचारलं की लगेच कळेल. फक्त विचारायला जाण्याआधी, घरातली मोठी बॅग माळ्यावर आहे ना, तेवढी खात्री करून घ्यावी.