चित्रातले बटण

दाराने उघडावे ही अपेक्षाच अडाणीपणाची आहे; सुसंस्कृत दार आधी सुंदर दिसते, आणि उघडलेच तर तो त्याचा मोठेपणा. डायलिसिसच्या पाळ्या नोंदवण्यासाठी रुग्णालयाने बनवून घेतलेली वेबसाइट याच तत्त्वावर उभी होती. ती बनवणाऱ्याला ऑफिसात 'कलाकार' म्हणत. त्यातला टोमणा त्याला कधी ऐकू आला नाही.

त्याचे 'नोंदवा' हे बटण वस्तुतः बटण नव्हतेच. बटणाचे चित्र होते. ते चालवणारी जावास्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, फोनपर्यंत पोहोचली, की त्यात प्राण येई. (न पोहोचल्यास चित्र म्हणून ते उत्तमच होते.) शिवाय वेळापत्रकातल्या चौकोनाचौकोनामागे त्याने बोटाची चाहूल घेणारा स्वतंत्र पहारेकरी बसवला होता. इमारतीला एक दारवान पुरतो; याने पायरीगणिक एक नेमला. पान जरा सरकले, की सगळे एकदम "कोण आहे?" म्हणून ओरडत, आणि जुने फोन त्या गलक्यात मान टाकत.

"अरे, मागे साधा फॉर्म ठेव," चाचणी करणारी ताई म्हणाली. "स्क्रिप्ट नाही आली तरी नोंद जाईल. दिसेल गबाळं, पण जाईल!"

"ताई, किती जणांकडे येत नाही? दोन टक्के! त्यांच्यासाठी डिझाइनचा मुडदा पाडू?"

वरिष्ठांनी हा युक्तिवाद टाळ्यांच्या गजरात मान्य केला. टक्क्यांना मूत्रपिंडे नसतात, हे सर्वश्रुत आहे.

कलाकाराला लहानाचे मोठे केले ते मावशीने. तिचे डायलिसिस त्याच रुग्णालयात चाले, आणि तिच्याजवळचा फोन त्यानेच वापरून जुना झाल्यावर दिलेला होता.

"बाळा, दाबतेय रे, पण काही होतच नाही."

"नीट दाब ना, मावशी."

"अंगठा दुखायला लागला. माझंच काहीतरी चुकत असेल."

"तुझंच चुकतंय," तो प्रेमाने म्हणाला.

डायलिसिसची पाळी हुकली. पुढचीही हुकली. मग धाप लागलेल्या मावशीला स्ट्रेचरवरून अतिदक्षता विभागात नेले. (तिथले दार कुरूप होते, ढकलले की उघडत असे.)

बाहेरच्या बाकावर कलाकाराने आपल्या नव्याकोऱ्या फोनवर ते बटण दाबून पाहिले. ते तत्काळ हिरवे झाले.

"माझ्याकडे तर चालतंय," तो म्हणाला.

वाचकहो, त्याला हसा, अवश्य हसा. तुमच्याकडेही सगळे चालतेच. फक्त एवढे आठवून सांगा, तुमचा जुना फोन सध्या कोणाकडे आहे?