पावणं कुठनं आलं?

आमच्या कंपनीत बाहेरची फ्लॉपी थेट कॉम्प्युटरात जात नसे. आधी ती कांबळेसाहेबांच्या टेबलावर जायची. साहेब तिला दोन बोटांत धरून उलटीपालटी करायचे आणि आणणाऱ्याला नव्हे, फ्लॉपीलाच विचारायचे, "पावणं कुठनं आलं?"

फ्लॉपीच्या वतीनं उत्तर आपण द्यायचं.

"पुण्यासनं. ऑडिटरकडनं."

"वाटंत आणि कुठं उतरलतं?"

इथं माणूस अडखळला की मेलाच. म्हणजे मधल्या मधे कुणाच्या तरी कॉम्प्युटरात शिरून आलेली असणार. "थांबा मग, पावण्याचं पाय धुतो," म्हणत साहेब ती कोपऱ्यातल्या एका जुनाट, कशालाच न जोडलेल्या कॉम्प्युटरात घालायचे आणि व्हायरस शोधत बसायचे. तोवर आपण उभं राहायचं. मालक आले तरी त्यांनाही तोच नियम.

उद्यमनगरात आमचा पंपांचा कारखाना. मी खरेदी विभागात होते. साहेब म्हणजे आमचं अख्खं कॉम्प्युटर खातं. सर्व्हर, नेटवर्क, गारगोटी आणि मलकापूरच्या डेपोंना जोडणारे मोडेम, सगळं त्यांच्या एकट्याच्या गळ्यात. माणूस मूळचा गारगोटीचा. पुण्याला जाऊन इलेक्ट्रॉनिक्स शिकला, पण बोली जशी नेली तशीच परत आणली. आवाज असा की मलकापूरला बोलताना ह्यांना फोन कशाला लागतो, असं वाटायचं.

सर्व्हरच्या खोलीत चप्पल काढून जायचं. त्यामुळे नवीन माणसं आत गेल्या गेल्या हात जोडायची. साहेब भडकायचे. "देऊळ न्हवं ह्ये! धूळ जाती आत, धूळ!" खंडेनवमीला तर दरवर्षी ठरलेलं भांडण. कारखान्यातल्या झाडून सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागायचं, मग सर्व्हरनं काय घोडं मारलंय? साहेब दारात आडवे. "कुंकू पंख्यातनं आत जातंय, अन् मग वरीसभर मी पुसत बसतो. मॉनिटरला लावा काय लावायचं त्ये." शेवटी बिचाऱ्या मॉनिटरला झेंडूचा हार पडायचा.

पासवर्ड हा तर त्यांचा जीव की प्राण. सुरुवातीला त्यांनी तपासणी केली तेव्हा निम्म्या कंपनीचा पासवर्ड अंबाबाई निघाला आणि उरलेल्या निम्म्याचा जोतिबा. साहेबांनी सगळ्यांना कँटीनमध्ये गोळा केलं.

"देव राखतोय म्हणून घराला कुलूप लावत न्हाय काय तुम्ही? देवाला कामाला लावू नका. पासवर्ड असा पायजे की दुसऱ्याला सांगायची लाज वाटली पायजे. शिवी ठेवा! फुडं एक आकडा लावा. कोल्हापूरचा माणूस सगळं इसरंल, शिवी इसरायचा न्हाय."

तेव्हापासून आमच्या नेटवर्कला कुणी हात लावू शकलं नाही. सकाळी नऊ वाजता गंभीर चेहऱ्यानं बसून दोनशे माणसं मनातल्या मनात शिव्या टाईप करायची. मीही करायचे. कोणती, ते विचारू नका.

मलकापूर डेपोला तात्या म्हणून कारकून होते. एकदा त्यांची मशीन अडली. साहेब फोनवर ओरडून सांगत होते, "पडद्यावर इचारतंय न्हवं, फुडं जाऊ काय म्हणून? मग व्हय म्हणा त्याला." बराच वेळ गेला. काही होईना. "म्हटलासा काय?" तात्या रडकुंडीला आलेले. "तीनदा म्हटलं की साहेब. आता वरडून म्हणू काय?" त्या दिवसापासून साहेबांनी सगळ्या डेपोंत कीबोर्डवरच्या वाय या, म्हणजे 'येस'च्या, अक्षरावर लाल टिकली चिकटवली आणि 'म्हणा' हा शब्द सोडून दिला. 'दाबा' म्हणायला लागले.

मालकांना फायरवॉलचा खर्च पटेना, तेव्हा साहेबांनी त्यांना एकच विचारलं. "मालक, पावणं आलं तर सोप्यात बसवतासा न्हवं? च्या देतासा, पाणी देतासा. थेट सैपाकघरात घुसू देतासा काय?" मालकांनी निमूट सही केली.

इथवर सगळं ठीक होतं हो. पण हाच कायदा ह्या माणसानं घरात चालवायला घेतला, आणि मग पंचाईत झाली.

साहेबांची मुलगी प्रज्ञा शाळेत असतानाच तिची आई गेली. पोरीची वेणी घालण्यापासून डब्यातल्या भाकरीपर्यंत सगळं ह्यांनी केलं. प्रज्ञा एम.एस्सी. झाली, ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागली, आणि स्थळं यायला लागली. घरात बाईमाणूस नाही, म्हणून बघायच्या कार्यक्रमाला पोहे करायला साहेब मला बोलवायचे. त्यामुळे पुढचं सगळं मी सैपाकघराच्या दारातून डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पहिला मुलगा बँकेत अधिकारी. छान गोरागोमटा. साहेबांनी पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. विचारलं, "ईमेल हाय काय तुमचा? पासवर्ड काय ठेवलाय?"

त्यानं सांगून टाकला. होणारा सासरा विचारतोय, नाही कसं म्हणणार? आईचं नाव आणि पुढं जन्मसाल. साहेबांनी मान हलवली, पोहे खाऊ घातले आणि दुसऱ्या दिवशी नकार कळवला. दुसऱ्यानं कागदावर लिहून दिला. तिसऱ्यानं तर "तुम्हीच एखादा चांगला सुचवा" म्हटलं. सगळे नापास.

मी चिडले. "अहो साहेब, पोरगी द्यायचीय की सर्व्हर?"

"इचारलं की सांगून टाकतंय, ते उद्या घरातलं काय बाहीर सांगायचं ठेवंल? आणि बाई, सर्व्हरचा बॅकअप तरी हाय माझ्याकडं. हिचा न्हाय."



मग आला मिलिंद. मलकापूरला शाळेत मास्तर. हे स्थळ प्रज्ञानंच आणलेलं होतं. पेपर तपासणीला दोघांची ओळख झालेली. सकाळी कांदा चिरताना ती मला म्हणाली, "मावशी, बाबांना सगळं सांगितलंय मी. पण हे मोडलं ना, तर मी दुसरं बघणार नाही. कुणीच नाही."

"मग त्याला पढवून ठेवलंस की नाही? बाबा काय विचारतात ते?"

"नाही. पढवून पास झाला तर काय उपयोग?"

बापाचीच पोर! माझं मात्र कामावरचं लक्षच उडालं. फोडणीतली मोहरी करपली ती त्यामुळेच.

पाहुणे आले. जय भीम झालं, पाणी झालं, पावसापाण्याचं बोलणं झालं. मिलिंद सावळा, शांत, हात गुडघ्यावर ठेवून बसलेला. साहेबांनी घसा खाकरला.

"ईमेल हाय काय तुमचा?"

"आहे की."

"पासवर्ड काय ठेवलाय?"

आत प्रज्ञानं माझा हात गच्च धरला. बाहेर मिलिंद जरा हसला.

"ते नाही सांगत, मामा. राग मानू नका."

त्याचे वडील कासावीस झाले. "आरं सांग की! सासरा हाईत तुझं!"

"म्हणून काय झालं, आबा? तुम्हाला तरी कधी सांगितलाय काय?"

कांबळेसाहेब उठले आणि आत आले. मला वाटलं, आता नाचतील. पण त्यांचा चेहरा उतरलेला. ओट्याला धरून उभे राहिले.

"बाई, ह्यो पास झाला की हो."

"मग चांगलंच झालं की साहेब!"

"आता ह्येला काय म्हणून न्हाय म्हणू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तो मोठा आवाज कुठल्या कुठं गेला होता. "उद्या ही गेली की घरात मी एकटाच की."

एवढ्या तपासण्या कशासाठी चालल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.  प्रज्ञा पुढं झाली आणि लहानपणी धरत असेल तशी तिनं बाबांची बाही धरली.  मग साहेबांनी तोंडावर पाणी मारलं, पोह्यांचं ताट स्वतः उचललं आणि बाहेर गेले. सगळ्यांच्या हातात बशा दिल्या. शेवटची मिलिंदला देताना विचारलं, "मलकापुरास्नं कोल्हापूरला शेवटची यष्टी कितीला असती?"

मिलिंदच्या वडिलांनी 'शेवटची यष्टी' एवढंच ऐकलं आणि त्यांना वाटलं, हे आपल्याला निघायला सांगतायत. ते घड्याळ बघायला लागले. पण पोरानं बशी खाली ठेवली आणि साहेबांकडं नीट बघितलं.

"शेवटच्या यष्टीचं काय करताय, मामा? याल तेव्हा वस्तीलाच राहायचं की."