कौशल्या इज ऑफ टुडे

बायकोले एक दिवस सुट्टी द्यायची, असं मी परवाच्या रविवारी ठरवलं. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा असा चांगला विचार मनात आला, तेव्हाच मी सावध व्हायले पाहिजे होतं.

त्यात नात वेदिका सकाळपासून मले इंग्रजी शिकवून राहिली होती. (मी सातवी पास. निकाल कोणी पाहिला नाही म्हणून पास.) त्या दिवशीचा शब्द होता 'ऑफ'.

"आबाजी, वाक्य करा."

"फॅन इज ऑफ."

"बरोबर!"

"मास्तर इज ऑफ टुडे. म्हणजे मास्तरले सुट्टी."

"एकदम करेक्ट!"

मले आयुष्यात कोणी करेक्ट म्हटलं नव्हतं. छाती अशी फुगली की बनियनची शिवण उसवली. तसाच मोबाइल उचलला अन नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, 'कौशल्या इज ऑफ टुडे. आय ॲम व्हेरी हॅपी.'

आता, आमच्या नागपुरात माणूस मेला की 'ऑफ झाला' म्हणतात, हे मले माहीत नव्हतं काय? पण त्या वेळी मी इंग्रजीत होतो ना!

सुट्टी म्हणजे सुट्टी, म्हणून मोबाइल घरीच ठेवले. तिघं धरमपेठेत जेवलो, सिनेमा पाहिला, चार वाजता मनीषनगरले परतलो. पाहतो तर फाटकापाशी ही गर्दी! दाराले कुलूप पाहून कोणी म्हणे, दवाखान्यात असतील. कोणी म्हणे, घाटावर नेलंही असंन. मधोमध कौशल्याचे मोठे भाऊ रुपरावजी. वय शहात्तर. काटोलवरून बसनं आलेले, अन छातीशी हिरवं लुगडं. सवाष्णीले शेवटचं नेसवायले माहेरून आणतात, ते.

कौशल्या ऑटोतून उतरली. हातात कुल्फी.

"दादा, तू काहून आला? अन रडून काहून राहिला?"

"कौशे, तू... तू ऑफ झाली ना वं?"

"कोण म्हणे?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. तिनं वाचलं. 'व्हेरी हॅपी'पाशी ती जरा जास्तच थांबली.

"जवाईबुवा," रुपरावजी म्हणाले, "होळीले माह्या पानात चुन्याऐवजी टूथपेस्ट लावली, सहन केलं. पण हे?"

"आईशप्पथ रुपरावजी, या वेळी गंमत नव्हती. इंग्रजी होती!"

कोणी हसलं नाही. त्यांच्या एका पायात चप्पल होती अन दुसऱ्या पायात बूट. ते पाहिलं अन माझी मान जी खाली गेली, ती वर येईना. सगळ्यांच्या टोप्या उडवत म्हातारा झालो, पण एवढी लाज कधी वाटली नव्हती. मी त्यांचे पाय धरले. चप्पलवालाही अन बूटवालाही.

कौशल्यानं भावाले पाणी दिलं, लुगडं हातात घेऊन पोत पाहिला. "चांगलं आहे. दिवाळीले नेसीन." मग माझ्याकडे वळली, "मी गेली तर तुम्ही व्हेरी हॅपी, नाही का?"

चाळीस वर्षांचा संसार त्या दोन शब्दांवर टांगला होता. मी म्हटलं, "अवं, मी एकटा पडलो असतो तर माझे काय हाल झाले असते, ते या ग्रुपवाल्यांले विचार! त्यांनी मले धीर दिला असंन, वाचून तर पाह!"

ती घरातून आपला मोबाइल घेऊन ओट्यावर बसली अन मोठ्यानं वाचू लागली. एकूण त्रेसष्ट मेसेज. मले धीर देणारा एकही नव्हता. सगळ्यांनी एकच लिहिलं होतं, 'सुटली बिचारी!'

कौशल्या एकेका मेसेजले 'लाइक'चा अंगठा देत बसली.