कोठडीतली झोप

बाळ झोपलं ते नेमकं कैद्याच्या कोठडीत. मनोऱ्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, चौऱ्याण्णव पायऱ्या चढून गेल्यावर, आणि मनोरा बंद व्हायला दहा मिनिटं उरलेली असताना.

चार दिवस त्याला दात येत होते. चार दिवस ते ना पाळण्यात झोपलं, ना गाडीत, ना मांडीवर. त्याची आई उभ्याउभ्या पेंगायला लागली होती. "जरा बाहेर पडू, वारा लागेल," म्हणत नवऱ्यानं सगळ्यांना या सातशे वर्षं जुन्या तुरुंगात आणलं. इथल्या जाड भिंतींआड बाळानं एक जांभई दिली आणि आईच्या खांद्यावर मान टाकली.

"झोपलं?" नवऱ्यानं नुसते ओठ हलवले.

"श्वास घेऊ नकोस," ती म्हणाली.

सासूबाईंनी वाकून पाहिलं. "मी म्हटलंच होतं, अंधार लागतो त्याला. तुमच्या घरात सतरा दिवे."

"आई, हळू ना!" सून कुजबुजली.

"हळूच बोलतेय. माझा आवाजच मोठाय, त्याला मी काय करू?"

तेवढ्यात जिन्यात बूट वाजले आणि पहारेकरी वर आला. झुबकेदार मिश्या, हातात पितळी घंटा. ती बडवून मनोरा रिकामा करणं हे त्याचं रोजचं काम. त्यानं हात उचलला मात्र, आईनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की घंटा हवेतच राहिली.

"दादा, चार दिवसांनी झोपलंय हो."

पहारेकऱ्यानं घंटेचा लोलक चिमटीत धरला. "माझ्या नातवालाही दात येतायत," तो कुजबुजला. "सून माझ्याकडे अशीच बघते."

मग त्यानं सूत्रंच हाती घेतली. आधी स्वतःचे बूट काढले, मग सगळ्यांना काढायला लावले. खालच्या मजल्यावर वाटाड्या दहाबारा पाहुण्यांना कैद्यांच्या छळाची हकीकत रंगवून सांगत होता. पहारेकऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं. वाटाड्या मुकाट खालच्या पट्टीत आला. "आणि मग... त्याला... उलटं टांगलं..." कुजबुजीत ते इतकं भयंकर वाटलं की एक बाई किंचाळणारच होत्या. सासूबाईंनी झटकन त्यांच्या तोंडावर हात दाबला. ओळख ना पाळख!

सातशे वर्षांत या तुरुंगातून कुणी पळालं नव्हतं, असं वाटाड्या रोज सांगायचा. आज त्याच्या डोळ्यांदेखत एवढी माणसं चपला हातात घेऊन, भिंतीला धरून, एकामागून एक निघाली होती.

मनोरा बंद करताना जिन्यात तोंड घालून "वर कुणी आहे का?" असं तीनदा ओरडायचा नियम होता. पहारेकरी नियमाला पक्का. तो तीनदा कुजबुजला. वरून उत्तर आलं नाही.

राहिलं खालचं लोखंडी दार. सासूबाईंच्या पिशवीतलं हाताला लावायचं क्रीम त्यानं बिजागऱ्यांना चोळलं, अख्खी ट्यूब संपवली. मग किल्ली फिरवली. थोडी फिरवायची, बाळाकडे बघायचं, पुन्हा थोडी. कुलूप लागलं. बाळ हललंसुद्धा नाही. पाहुण्यांनी आवाज न करता टाळ्या वाजवल्या.

"चला," आई म्हणाली. "हा कुठाय? बाबागाडी आणायला गेला का पुढे?"

"छे! बाळाची टोपी राहिली म्हणून वर गेलाय," सासूबाई म्हणाल्या. "मला खुणेनं सांगितलं त्यानं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तूच म्हणालीस ना, हळू!"

सगळ्यांनी माना वर केल्या. अगदी वरच्या झरोक्यात नवरा दोन्ही हातांनी टोपी हलवत होता. तोंड उघडत होता, मिटत होता, पण आवाज काढत नव्हता. काही झालं तरी बापच तो.

पहारेकऱ्यानं किल्ली काढली आणि थबकला. "बाई, उघडताना हे दार फार करकरतं हो. क्रीमही संपलं." त्यानं बाळाकडे पाहिलं. "किती वेळ झोपतं?"

"उठवलं नाही तर दीड तास."

"मग थांबतो मी. नाहीतरी माणसं कोंडायलाच बांधलाय हा मनोरा."

तिनं नवऱ्याला आधी बाळ दाखवलं, मग दीड बोट. त्यानं मान डोलावली. तिनं हात खाली घेण्याआधीच तो झरोक्यातून दिसेनासा झाला.

इतक्या झटपट? तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वर पसरायला लांबरुंद दगडी ओटा होता, दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि दीड तास त्याला कुणीही, कशासाठीही हाक मारणार नव्हतं.

"बिचारा," सासूबाई पुटपुटल्या. "एकटाच अडकला गं!"

तिचा खांदा केव्हाच बधिर झाला होता. बाळाचा ऊन ऊन श्वास मानेला लागत होता. ती तशीच अलगद पायरीवर टेकली.

"आई," ती कुजबुजली, "पुढच्या वेळी काहीही विसरलं, तर वर मी जाणार."