होळीआधीचा रविवार

नाना वाईन करतात, पण आजवर तिचा थेंबही त्यांनी जिभेला लावलेला नाही. गळ्यात तुळशीची माळ आहे. वाईन झाली की नाही, हे ते पिंपाला कान लावून ठरवतात. आत बुडबुडे सुटत असले तर "बोलतीय अजून", आवाज थांबला की "निजली". सरकारी परवाना विठ्ठलाच्या तसबिरीशेजारी टांगलेला आहे. उदबत्ती दोघांत मिळून एक.

हडपसरला आमच्या सोसायटीच्या कुंपणापलीकडे त्यांचा दीड एकराचा द्राक्षमळा. मळ्याच्या पश्चिमेला एका आयटी कंपनीची अकरा मजली काचेची इमारत. ती जमीन नानांचा धाकटा भाऊ बाळू याच्या वाट्याची होती. त्याने ती विकली आणि कोथरूडला फ्लॅट घेतला. तेव्हापासून भावाभावांत बोलणं नाही. नानांच्या लेखी ती इमारतही नाही. कोणी पत्ता विचारला तर "त्या मोकळ्या रानाच्या अलीकडं" असं सांगतात. लोक अर्थातच चुकतात.

होळीआधीच्या रविवारी तोडणी, हा वडिलांपासूनचा नेम. त्या दिवशी हल्ली मळ्यात 'वसंतोत्सव' असतो. काचेच्या इमारतीतली तरुण मंडळी येतात, हौसेने चार घड तोडतात आणि मग गेल्या साली केलेली वाईन उंच दांड्याच्या ग्लासात गोल गोल फिरवत बसतात.

"नाना, बेरीची नोट येतेय. शेवटी थोडं चॉकलेटपण," एकाने डोळे मिटून सांगितलं.

"न्हाई घातलं ओ. खरं सांगा, कशी हाय?"

"ऑसम."

"खरं सांगा" हे नानांचं पालुपद. विचारतात सगळ्यांना, विश्वास कोणावरच ठेवत नाहीत. गेल्या वर्षी माझ्यावर पाळी आली. मी जन्माने पुणेकर.

"आंबट आहे. चिंचेला बरं वाटेल," मी म्हणालो.

नानांचा चेहरा उजळला. "किती वर्सांनी कुणी खरं बोललं. पर आंबट का, त्ये सांगा."

ते मला कुठलं सांगता येणार? नाना कान लावायचे आणि बाळू चाखायचा. दोघांत मिळून एक वाईनवाला होता. त्यातली जीभ कोथरूडला राहायला गेली होती. बाळूचं स्टीलचं फुलपात्र मात्र पिंपाशेजारच्या कोनाड्यात तसंच होतं.

त्याच आठवड्यात नाना वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"तुमची बहीण कोथरूडला असती न्हवं? ही बाळूला द्या. मी दिली म्हणू नका."

कोथरूडला बाळूरावांनी कागद सोडला, काही न विचारता एक घोट घेतला, तोंडात घोळवला, डावा डोळा मिटला आणि उठून बेसिनमध्ये थुंकले.

"द्राक्षं कच्ची तोडलीत. दुपारनंतर त्या इमारतीची सावली पडते वेलांवर. माल आठ दिवस उशिरा पिकणार. पण थांबायचं म्हणजे सावली कबूल करायची. दादा कसला थांबतोय." मग बाटलीला बूच लावत हळूच म्हणाले, "मी बोललो म्हणू नका."

परत आल्यावर मी नानांना सांगितलं, एका जाणकाराच्या मते तोडणीला आठ दिवस थांबायला हवं. सावलीमुळे.

नाना पिंपाकडे वळले.

"डोळा मिटला का जाणकारानं?"

"डावा."

"थुकला?"

"बेसिनमध्ये."

"मग तब्येत बरी हाय म्हणायची."

यंदा होळीआधीच्या रविवारी मंडळी आली तर फाटक बंद. नाना आत स्टुलावर बसलेले.

"पुढल्या रविवारी या. घड कच्चं हायती." मग हात वर करून त्यांनी इमारतीकडे बोट दाखवलं. "सावली पडती तिची."

मंडळी कुरकुरत गेली. नानांनी त्या इमारतीकडे मान वर करून पाहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

मला त्यांनी आत घेतलं. कोनाडा रिकामा होता. फुलपात्र त्यांच्या मांडीवर होतं आणि ते राखेने घासणं चाललं होतं.

"कोथरूडला कवा जाणार?"

"बुधवारी."

"बाळूला म्हणावं, तोडणी पुढल्या रविवारी हाय."

"बरं. तुम्ही सांगितलं म्हणू नको ना?"

नानांनी फुलपात्र उन्हात धरून आतून बाहेरून पाहिलं.

"म्हणा की. मीच सांगितलंय म्हणा."