सोनवणे काकांची राजदूत

आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत पाच मोटारसायकली असलेला माणूस एकच, आणि भाजी आणायला पायी जाणाराही तोच. सोनवणे काका. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले आणि भंगारातून जुन्या गाड्या आणू लागले. पाचही कायम खोललेल्या. अंगणात जायचं तर खाली बघून.

"एखादी तरी चालू करा," मी म्हणतो.

"गडबड काय हाय? आपल्याला कुठं ऑफिसला जायचंय?"

मी शेजारी, म्हणून टॉर्च धरायचं काम माझ्याकडं. माझीही साठी उलटली, कंबर धरते. पण काकांना नाही म्हणायला फार बोलावं लागतं, त्यापेक्षा टॉर्च हलका.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी देवगाव रंगारीच्या भंगारवाल्याकडून राजदूत आणली. टाकीला नारळाएवढा पोचा. पावसाळाभर ठोकून काकांनी तो काढला, लाल रंग दिला. टाकीत बघून दाढी करावी अशी चकाकली. फक्त चालू होईना.

दिवाळीनंतर एक म्हातारी लेकीला घेऊन दारात आली. भंगारवाल्यानंच पत्ता दिला होता.

"आमच्या मालकांची गाडी तुमच्याकडं हाय म्हणत्यात. ते गेल्यावर पुतण्यानं मला न सांगता इकली. एकदा बघू द्या."

काकांनी ऐटीत चादर ओढली. आजींनी टाकीवरून हात फिरवला. एका जागी थांबल्या.

"हितं पोचा होता."

"काढला की! लई मेहनत घेतली."

"नवीन लग्नात माझ्या हातून घागर आदळली होती. मालक लई हसले. कधी नीट करू दिला नाय." त्यांनी हात मागं घेतला. "चांगली केलीय, भाऊ. पण ही आमची नाय."

काकांचा चेहरा पडला. ते किक मारू लागले. मारतच राहिले. धाप लागली, मी "बसा आता" म्हणालो, तरी ऐकेनात.

"तशी नाय," आजी म्हणाल्या. "जरा माझ्याकडं तिरकी करा. हां. आता मारा."

गाडी फटफटली. अंगणभर धूर. आजींनी पदर तोंडाला लावला.

"व्हय. आमचीच हाय."

"घेऊन जा," काका म्हणाले. मी बघतच राहिलो. या माणसानं आजवर कुणाला नट दिला नव्हता.

"चालवणार कोण? ठेवा तुमच्यापाशी. चालू तेवढी करीत जा." निघताना त्यांनी घरात डोकावलं. "मालकीणबाई?"

"गेली. लई दिवस झाले."

आजींनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लेकीबरोबर निघाल्या.

त्यांना रिक्षात बसवून मी परत आलो. राजदूत अजून धडधडत होती. काका शेजारी पायरीवर.

"बंद करू का? पेट्रोल जातंय."

"राहू दे," ते म्हणाले. "घरात कुणीतरी हाय असं वाटतं."

मी त्यांच्या शेजारी टेकलो. पेट्रोल संपेपर्यंत दोघंही तिथंच बसून राहिलो.