वायरीमागे चालणारे मेश्रामकाका

घरात इंटरनेट घ्यायचं तर लोक प्लॅन बघतात. आमचे मेश्रामकाका वायर बघतात. बघतात म्हणजे तिच्या मागोमाग चालत जातात. डोक्याला गमछा गुंडाळून, मान वर करून, या खांबावरून त्या खांबावर, कुणाच्या गच्चीवरून, कुणाच्या पेरूच्या झाडातून ती कुठे जाते ते तपासत रायपूरच्या चौबे कॉलोनीतून निघतात. एकदा असेच तात्यापाऱ्यापर्यंत गेले. तिथे पानठेल्यामागे कंपनीचा वायरी जोडायचा डबा उघडाच लटकलेला दिसला. घरी येऊन पाणीसुद्धा न पिता त्यांनी कंपनी बाद केली.

"फॉल्ट वायरीत नाही राहत बेटा, जोडात राहते," हे त्यांचं तत्त्वज्ञान. सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. त्यामुळे जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या दिसल्या की यांना आधी संशय येतो.

मी नाशिकची. नवा रायपूरच्या एका ऑफिसात लागले आणि काकांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने आले. पहिल्याच आठवड्यात सहज विचारलं, काका, इथे नेट कोणतं चांगलं? काकूंनी तेव्हाच माझ्याकडे दयेने पाहिलं होतं. पुढचे दोन तास मी खांब, डबे आणि जोड ऐकले. निष्कर्ष एवढाच निघाला की अभ्यास अजून चालू आहे. त्या अभ्यासाला तोवर सात महिने झाले होते. मी आपली एका जाहिरातीवर भुलून दुसऱ्या दिवशी कनेक्शन घेऊन मोकळी झाले. तेव्हापासून प्रत्येक मीटिंगमध्ये माझा आवाज जातो आणि खालून काका विचारतात, "जोड पाह्यले होते का?"

काकांच्या घरी मात्र मोबाईलच्या नेटवर भागवणं चालू होतं. भागत नव्हतंच, आणि त्याचं कारण होतं संघमित्रा, त्यांची पुण्याची आठ वर्षांची नात. मित्राला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते आणि भराभर बोलते. तुमचा-माझा आवाज फोनवर तुटला तर आपण अंदाजाने जोडून घेतो. तिचं चित्र अडकलं की वाक्यच अर्ध्यात राहतं. काका निवृत्त झाल्यावर खास तिच्यासाठी ही भाषा शिकले, आणि दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर नात भेटायची ती अशी तुकड्यातुकड्यांत. हे त्यांना फार लागायचं. पण ते बोलून दाखवणारा हा माणूस नाही. ते गमछा गुंडाळून आणखी एका वायरीमागे निघायचे.

त्यात एक घोळ त्यांनी स्वतःच घालून ठेवला होता. चित्र अडकलं की काका सवयीने दोन्ही हात डोक्यावर उंच करून हलवायचे. रेल्वेत त्याचा अर्थ धोका, गाडी थांबवा. मित्राच्या भाषेत तेच म्हणजे टाळ्या. इकडून आजोबा थांब म्हणत आणि तिकडे नात कौतुक झालं समजून दुप्पट जोरात सांगायला लागे. कित्येक महिन्यांनी लेकीने, मित्राच्या आईने, सुजाताने, उलगडा केला. काका ओशाळले, पण हात वर करणं सोडलं नाही. म्हणाले, टाळ्याच समजते तर समजू दे.

कंपन्यांची माणसं यायची. काका त्यांना पंख्याखाली बसवून एकच विचारत, अपलोड किती, म्हणजे इकडून तिकडे जायचा वेग किती? ते बिचारे डाऊनलोडचा वेग सांगत, फुकटचे सिनेमे सांगत, क्रिकेट सांगत. काका सगळं ऐकून घेऊन पुन्हा विचारत, अपलोड किती? शेवटी एकाने कंटाळून म्हटलं, अंकल, अपलोड का आप करोगे क्या?

काका हिंदीत सुरू झाले आणि मधेच मराठीत घसरले. "सब को देखना रहता है भैया. मले दिसायचं आहे."

त्या माणसाला मराठी येत नव्हतं. पण त्याने बॅग खाली ठेवली आणि काकांसोबत भर उन्हात वायर बघायला तेलीबांध्यापर्यंत चालत गेला. दोन जोड काकांनी त्याच्याकडून नव्याने करून घेतले. अकराव्या महिन्यात कंपनी पास झाली. माझ्या ऑफिसात मोठमोठे करार याहून कमी तपासून होतात, हे मी शपथेवर सांगते.

पहिल्या रविवारी मला खास बोलावणं होतं. पडद्यावर मित्रा आली, केसांतली क्लिपसुद्धा दिसत होती. तिने शाळेतल्या सशाची गोष्ट सांगितली आणि ती एकदाही अडकली नाही. काका डोळे मोठे करून बघत होते. मग त्यांनी उत्तर द्यायला सुरुवात केली. मित्राने त्यांना मधेच थांबवून काहीतरी सांगितलं.

काय म्हणते, मी विचारलं.

"म्हणते, आजोबा, तुमचं नेट अजून हलून राहिलं."

चित्र तर स्वच्छ होतं. मी काकांच्या हातांकडे पाहिलं. मनगटापासून बोटांपर्यंत थरथरत होते. इतके दिवस अडकणाऱ्या चित्रात ते खपून गेलं होतं. काकांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. त्या भाषेत याहून गप्प होता येत नाही.

काकू पलंगावरून उठल्या. दोन उशा आणून त्यांनी टेबलावर ठेवल्या, काकांचे हात मांडीखालून काढले आणि कोपर उशांवर टेकवून दिले. "बोला आता," एवढंच म्हणाल्या.

काका सावकाश काहीतरी बोलले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरं सांगून टाकलं तिले. नेट चांगलं आहे, हात म्हातारे झाले."

मित्राने खुर्ची पुढे ओढून आपलेही कोपर टेबलावर टेकवले, आणि आजोबांच्याच वेगाने, एकेक शब्द, सशाचं पुढचं सांगायला लागली.